कपाटामागचा कॉक

इस्पितळात टाके दोन ठिकाणी पडत: दुसऱ्या मजल्यावर माणसांना आणि तळमजल्यावर चादरींना. दुसऱ्या मजल्यावरच्या टाक्यांची बातमी नातेवाईक चारचौघांत सांगत सुटत. तळमजल्यावरच्या टाक्यांना नातेवाईक नसत. तिथे कपडाखान्यात, शिवणयंत्रामागे, एक बाई एकोणीस वर्षं बसत होती. तिला सगळे टाकेबाई म्हणत. मोठे सर्जन एकदा लहर लागून तिला म्हणाले, "आपण दोघं एकाच धंद्यातले." टाकेबाईने सुईवरून मान वर न करता उत्तर दिलं, "फरक एवढाच साहेब, की माझं काम उकळत्या पाण्यात घालतात, तरी ते टिकावं लागतं." सर्जन पुन्हा तळमजल्यावर आले नाहीत.

कपडाखान्याचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून पाळला जाई. चादर मधोमध झिजली की ती उभी फाडायची, बाहेरचे धड काठ आत घेऊन जोडायचे आणि झिजलेला भाग कडेला न्यायचा, जिथे कुणी झोपत नाही. ती पुन्हा झिजली की उशीचे अभ्रे. अभ्रे विरले की औषधांच्या ट्रेवरची कापडं, आणि सरतेशेवटी पोतेरं. "कापड मरत नाही," टाकेबाई नव्याने लागलेल्या मुलींना सांगे, "त्याची बदली होते." इस्पितळ सरकारी असल्यामुळे मुलींना हे चटकन कळे.

घरी मात्र या नियमाला थारा नव्हता, कारण घर नवऱ्याच्या ताब्यात होतं. नवरा एका गोदामात कारकून. गुणी माणूस होता. त्याला फोन करता येत असे. नळ ठिबकला, दिवा गेला, खुर्ची डुगडुगली, की तो शांतपणे उठून टेलिफोनकडे जाई. टेलिफोनच्या वर भिंतीवर त्याने वळणदार अक्षरात यादीच लिहून ठेवली होती: नळ, वीज, सुतार, कुलूप, शेगडी, रंग. प्रत्येकापुढे नंबर. सगळ्यांत खाली 'धाकटा', म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. बोलावलेला माणूस आला की नवरा पाठीमागे हात बांधून त्याच्या डोक्याशी उभा राही आणि काम झालं की बायकोला म्हणे, "बघ, किती सोपं असतं." ते किती सोपं असतं हे त्याने कधी करून पाहिलं नाही.

तो गेलाही तसाच, कुणाला त्रास न देता. गोदामात, दुपारच्या चहाच्या आधी. त्या दिवशी यादीतल्या कुणाला बोलावून उपयोग नव्हता.

मागे राहिल्या दोघी. टाकेबाई आणि तिच्या सासूबाई. भाड्याच्या दोन खोल्या, पहिला मजला, खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. महिना उलटला आणि धाकटा आला. धाकट्याचं फ्रीज आणि वॉशिंग मशीन हप्त्यांवर विकायचं दुकान होतं, त्यामुळे माणसाला काय परवडत नाही याचा त्याचा अभ्यास दांडगा होता.

"वहिनी, व्यवहाराने बघा," तो म्हणाला. "दादाचा पगार गेला. तुमच्या एकटीच्या पगारात भाडं, आईची औषधं, वर रोज घरात काही ना काही मोडणार. पुरुषमाणूस नाही. उद्या नळ तुटला तर काय कराल?"

"काल तुटला असता तर काय केलं असतं?"

"दादाने माणूस बोलावला असता."

"म्हणजे त्यानेही काही केलं नसतं."

धाकट्याने हे ऐकलं नाही. दुकानदाराला तेवढं जमावं लागतं. "आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. तुम्ही आणि आई, दोघी या."

"मागची म्हणजे स्वयंपाकाची बाई राहायची ती?" सासूबाईंनी विचारलं.

"तीच. सोडून गेली ती मागच्या महिन्यात."

"मग आता स्वयंपाक कोण करतं?"

"सध्या ओढाताणच आहे," धाकटा म्हणाला आणि त्याने वहिनीकडे पाहिलं. त्या पाहण्यात ओढाताण संपत आल्याचं समाधान होतं.

टाकेबाईला ते पाहणं कळलं. एकोणीस वर्षं तिने कापडाची बदली चादरीपासून पोतेऱ्यापर्यंत होताना पाहिली होती. आपली बदली कुठे होते आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"घराचा करार संपायला अकरा महिने आहेत, भावजी," ती म्हणाली. "तोवर थांबा. तोवर या घरातल्या एका जरी कामाला मला पैसे देऊन माणूस बोलवावा लागला, तर त्याच दिवशी टेम्पो आणा. मी खाली येऊन उभी राहीन."

"आणि नाही लागला तर?"

"तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

धाकट्याने भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं आणि तो हसला. "सहा नंबर आहेत, वहिनी."

"सात."

"सातवा माझा आहे."

"म्हणूनच मोजला."

जाताना धाकट्याने भिंतीशी उभ्या असलेल्या लोखंडी कपाटावर सवयीने थाप मारली. नऊ वर्षांपूर्वी स्वतःसाठी नवीन घेतलं तेव्हा हे जुनं कपाट त्यानेच भावाला भेट दिलं होतं. आतल्या तिजोरीत दुकानाचे जुने कागद होते, म्हणून तिजोरीची किल्ली मात्र त्याने स्वतःजवळ ठेवली. चार हमालांनी ते एकदा जिथे टेकवलं, तिथून पुढे कुणी हलवलं नाही. झाडू त्याच्या पायांपर्यंत जाई आणि अदबीने मागे फिरे.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी एका कापडी पिशवीत कपड्यांचे दोन जोड, औषधं आणि टॉवेल भरून पिशवी दाराशी ठेवली.

"आई, तुम्हाला जायचंय का?"

"मला कशाला जायचंय? निघायची वेळ आली तर शोधाशोध नको, म्हणून." मग जरा थांबून, "त्यांच्याकडे टीव्ही भिंतीएवढा आहे, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून टाकेबाई शिकायला लागली. इस्पितळ म्हणजे मोडकी माणसं दुरुस्त करायची जागा, असं लोक समजतात. पण तिथे मोडक्या वस्तू त्याहून जास्त असतात आणि त्यांचे डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत रिकामे असतात. वायरमनला आपला गणवेश कमरेला सैल करून हवा होता. टाकेबाईने पँट उसवली, त्याने फ्यूज कसा बांधायचा ते दाखवलं. तीन महिन्यांनी पँट पुन्हा होईना. तेव्हा तिने दिव्यांची बटणं बदलायला शिकून घेतलं. त्याची कंबर वाढत गेली तसं तिचं विजेचं ज्ञान वाढत गेलं. सुताराच्या पिशवीला बंद लावून तिने रंधा धरायला शिकून घेतलं. इस्पितळाचा प्लंबर मात्र तुसडा होता. त्याच्या आईसाठी दोन उबदार पायमोजे शिवून दिले, तेव्हा कुठे तो बोलला, आणि बोलला तेही एकच वाक्य: "पाणी कुठून येतं ते पाइपाला विचारायचं, माणसाला नाही."

एक काम हाताखालून गेलं की ती चादरींवर वॉर्डाचा नंबर घालायची काळी शाई आणून यादीतल्या त्या नंबरावर आडवी रेघ मारी. त्या शाईची ख्याती अशी, की कापड फाटतं पण शाई जात नाही.

सगळं गोड झालं असं नाही. कुलूप तिने उघडून साफ केलं आणि पुन्हा जोडल्यावर दोन तुकडे हातात उरले. पुढे ते कुलूप कुठल्याही किल्लीने उघडू लागलं. पण बंदही होत होतं, आणि टाकेबाईच्या मते कुलपाचं मुख्य काम तेच. भिंतींना तिने दोन उरलेले डबे मिसळून रंग दिला, त्याची छटा ताप उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी आली.

"इस्पितळात पडल्यासारखं वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"यादीची भिंत तेवढी सोडलीय. तिकडे तोंड करून बसा."

धाकटा महिन्याकाठी येऊन जाई. हात हलवत येत नसे. नव्या फ्रीजचा रंगीत कागद घेऊन येई. "पहिले तीन हप्ते मी भरतो."

"परवडत नाही," टाकेबाई म्हणे.

हे दोन शब्द माणसं मान खाली घालून, पुटपुटत म्हणतात. टाकेबाई ते असे म्हणे, जसं एखादा म्हणतो की मी सिगारेट ओढत नाही. समोरच्यालाच खिशातलं पाकीट लपवावंसं वाटे. तिच्या पगारात जेवढं बसत होतं तेवढं घरात होतं, आणि घरात होतं ते चालत होतं; कुठे दोरीवर, कुठे ठिगळावर, पण चालत होतं.

दहा महिने संपले तेव्हा यादीत एकच काम रेघेविना राहिलं: नळ. वॉशर तिने चार वेळा बदलले होते, पण तेवढ्यावर रेघ मारणं तिला लबाडी वाटे. आख्खा नळ बदलीन तेव्हाच रेघ, असं तिने ठरवलं. न्हाणीघरातला नळ आट्यांपाशी सडत आला होता. नवा नळ आणून ठेवला होता. पाणी रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास येई. मधल्या वेळात पाइप कोरडा ठणठणीत. त्यामुळे घरात पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे हे शोधायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. नळाची सगळी कामं ती कोरड्या वेळात उरकी आणि आपल्या या शहाणपणावर मनातून खूश असे.

त्या रविवारी सकाळी पाणी आलंच नाही. कुठेतरी मोठी पाइपलाइन दुरुस्त होत होती. टाकेबाईने पिंपातलं पाणी पुरवून वापरलं आणि बारा वाजता पाना घेऊन न्हाणीघरात गेली. सकाळी न आलेलं पाणी दुपारी येऊ शकतं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. पाण्याच्या वेळा पाठ करून जगणाऱ्यांच्याच हातून ही चूक होते. ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी असतं, ते आधी कॉक बंद करतात.

पाना फिरवला. नळ कट्‌कन हातात आला, पण अर्धा. उरलेला अर्धा, आट्यांचा पितळी तुकडा, पाइपातच अडकून बसला. आता नवा नळ बसायचा तर आधी तो तुकडा निघायला हवा. टाकेबाई त्यात डोकावून पाहत असतानाच पाइपातून आधी हवेचा फुस्कारा आला आणि त्यामागून सकाळचं थकलेलं सगळं पाणी.

तिने चिंधी कोंबली. चिंधी समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. तिने अंगठा लावला. पाणी अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी पंख्यासारखं उडू लागलं.

"आई," ती म्हणाली, "पाइप बघा कुठून येतो. त्याच्यावर कॉक असेल."

सासूबाई भिंतीवरच्या पाइपावर बोट ठेवून निघाल्या. "हा बाहेर आला. हा असा गेला. हा कपाटामागे गेला."

"पलीकडे?"

"पलीकडून निघाला तो थेट दाराबाहेर." त्यांनी गाल भिंतीला लावून फटीत पाहिलं. "मधे लाल चाक आहे गं. छोटंसं. धुळीने माखलंय."

"हात जातो?"

"माझा हात जायला मी पाल आहे का?"

तेवढ्यात दार वाजलं आणि खालचा घड्याळवाला आत आला. डोळ्याला लावायचं भिंग अजून त्याच्या कपाळावर होतं. "माझ्या काउंटरवर पाणी ठिबकतंय. उघडी घड्याळं आहेत खाली, लोकांची आहेत. टाकेबाई, प्लंबर बोलवा. नाहीतर मी बोलावतो."

टाकेबाई पाण्यात उभी होती. अंगठा बधिर झाला होता. तिला मागची खोली डोळ्यांपुढे दिसली. तिथली खिडकी धाकट्याच्या स्वयंपाकघरात उघडते, अंगणात नाही, हेही आठवलं. पण आपला हट्ट आपल्या जिवावर करायचा असतो, दुसऱ्याच्या घड्याळांवर नाही, एवढं तिला कळत होतं.

"आई," ती म्हणाली, "फोन लावा. नळ. पहिलाच नंबर."

सासूबाई टेलिफोनपाशी गेल्या. यादीवर पाच काळ्या रेघा होत्या. वर नळ, खाली धाकटा, एवढेच दोन उरलेले.

"माझा चष्मा कुठे दिसत नाही."

"आजी, डोळ्यांवरच आहे," घड्याळवाला म्हणाला.

"हा जवळचा आहे. नंबर लांबचा आहे." मग त्यांनी न्हाणीघराकडे तोंड करून विचारलं, "काय गं, तुमच्याकडे अंगाने जड पेशंट पलंगावरून कसा हलवतात?"

"त्याच्याखाली चादर सारतात आणि चादर ओढतात."

"मग हा मेला काय तुझ्या पेशंटांपेक्षा जड आहे?"

टाकेबाईने हाक मारली, "घड्याळवाले, इकडे या. तुम्ही नाजूक कामातले. इथे अंगठा लावा."

"मी तक्रार करायला आलोय."

"अंगठा लावून करा. मी ऐकते."

त्याने अंगठा लावला आणि त्याची तक्रार तिथेच भिजून गेली. टाकेबाईने कपाट रिकामं केलं. म्हणजे त्यांचं होतं ते. तिजोरीला कुलूप होतं, तिथलं वजन तसंच राहिलं. जाड काठाची, मधे जोडलेली जुनी चादर तिने चौपदरी केली, पाण्यात बुचकळली, कपाटाची एक बाजू कपडे बडवायच्या धोपाटण्याने तरफेसारखी उचलली आणि सासूबाईंनी काठीने चादर पुढच्या पायांखाली ढोसली. मग दुसरी बाजू. फरशी आधीच ओली होती. त्या दिवशीची ती एकमेव सोय. दोघींनी चादरीची टोकं मनगटाला गुंडाळली.

"एक, दोन," टाकेबाई म्हणाली. इस्पितळात तीनपर्यंत कुणी मोजत नाही, पेशंट घाबरतो.

कपाटाने आधी नकार दिला. मग नऊ वर्षांनी पहिल्यांदा ते वीतभर पुढे आलं, नि मग आणखी वीतभर. चादर टाक्यावरून फाटली नाही. टाकेबाईने मागे हात घालून चाक धरलं. ते गंजून बसलेलं. तिने त्याला पाना लावला.

"कुठल्या बाजूला फिरवू?" ती स्वतःशीच म्हणाली.

"काटे फिरतात त्या बाजूला," न्हाणीघरातून आवाज आला. "तेवढं मी नक्की सांगू शकतो."

पाणी थांबलं.

पुढचे दोन तास टाकेबाईने पाइपात अडकलेल्या पितळी तुकड्याला हॅकसॉच्या पात्याने आतून खाच पाडली, मग पेचकसाने तो आतल्या आत मुडपला आणि किडकी दाढ काढावी तसा बाहेर काढला. नव्या नळाच्या आट्यांना दोरा गुंडाळला, तोही कपडाखान्यातला, चाळीस नंबरचा. नळ बसला. तोवर घड्याळवाला खाली जाऊन काउंटर पुसून आला होता. दोन घड्याळांत पाणी गेलं होतं. त्यांपैकी एक आधीपासूनच बंद होतं, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. उरलेल्या एकासाठी टाकेबाईने त्याच्या दुकानाला नवा पडदा शिवून द्यायचं कबूल केलं.

त्याने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. वर येण्याआधी त्याने एक फोन केला होता. त्याच्या घरचा फ्रीज धाकट्याच्या दुकानातला होता, आणि हप्ता थकला की माणूस बातम्या पुरवू लागतो.

पाच वाजता धाकटा आला. खाली टेम्पो उभा होता. मागून दोन हमाल.

"काय वहिनी," तो दारातूनच म्हणाला, आणि त्याने ओली फरशी पाहिली. "मी म्हणालो होतो. जाऊ दे. कोण आलं होतं?"

"पाणी," सासूबाई म्हणाल्या.

"प्लंबर कोण आला होता विचारतोय."

"घड्याळवाला आला होता. पाइपाला अंगठा लावून उभा होता. हा बघ, आहे इथेच, विचार त्याला."

घड्याळवाल्याने ओला झालेला सदरा पुढे ओढला. धाकट्याकडे पाहायचं त्याने टाळलं. "मला कुणी बोलावलं नव्हतं. मी भांडायला आलो होतो."

"पैसे?"

"भांडायचे कोण देतं?"

"नळ बघून घ्या, भावजी," टाकेबाई म्हणाली.

धाकटा न्हाणीघरात गेला. नळ उघडला, पाणी आलं. बंद केला, थांबलं. तो खाली वाकून नळाच्या तोंडाकडे पाहत राहिला. एक थेंब जरी पडता तरी त्याचं काम झालं असतं. नळ ढिम्म होता. मागे हमाल विड्या विझवून उभे होते आणि त्यांनाही आता थेंबाची उत्सुकता वाटू लागली होती.

"ठीक आहे," शेवटी तो उठत म्हणाला. "पण टेम्पो तर आणला."

"बरं केलंत. त्याचं भाडं कशाला फुकट घालवायचं? कपाट न्या."

"कपाट? ते मी दादाला भेट दिलंय."

"किल्ली कुणाकडे आहे?"

धाकट्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"ज्याची किल्ली त्याचं कपाट. हमाल आहेत, टेम्पो आहे. पायांखाली चादर आहेच, जिन्यापर्यंत ओढत न्या. चादर तेवढी परत द्या, तिला अजून सर्व्हिस बाकी आहे."

"अहो, पण एवढं धूड मी ठेवू कुठे?"

"असं काय करतोस," सासूबाई म्हणाल्या. "मागची खोली रिकामी आहे ना."

कपाट जिन्यावरून उतरायला अर्धा तास लागला. वळणावर ते एकदा अडकलं आणि धाकट्याला खालून खांदा द्यावा लागला. तो घामाघूम होऊन चादर परत द्यायला वर आला, तेव्हा टाकेबाई काळ्या शाईने 'नळ' या शब्दावर रेघ मारत होती. ती रेघ झाल्यावर तिने कुंचला खाली नेला आणि 'धाकटा'वरही तेवढीच सरळ रेघ ओढली.

"माझा कशाला खोडलात?"

"तुमचा मला पाठ आहे. भिंतीवर ठेवायची गरज नाही."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि तो गेला. विषय पुन्हा निघाला नाही.

कपाट होतं तिथे भिंतीवर जुन्या रंगाचा उभा चौकोन उरला. तो रंग चांगला होता, हे दोघींनाही कबूल करावं लागलं. त्याच्या मधोमध लाल चाक. सासूबाईंनी दाराजवळची पिशवी उचलली, आतलं सगळं फळीवर काढून ठेवलं आणि रिकामी पिशवी त्या चाकाला अडकवली.

टाकेबाईने ती काढून शेजारच्या खिळ्याला लावली. "इथे नको, आई. कॉक मोकळा राहिला पाहिजे."

"खिळा कधी ठोकलास?"

"आत्ता."